माणिक आणि स्पिनेल : दोन लाल खड्यांची पारख

सराफाच्या पेढीवर लाल खडा हातात घेतला की गिऱ्हाइकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘माणिक खरे आहे ना?’ प्रश्न साहजिक आहे, पण अपुरा आहे. या प्रश्नाला ‘खरे’ आणि ‘खोटे’ अशी दोनच उत्तरे ठाऊक असतात. प्रत्यक्षात समोरचा खडा अस्सल असू शकतो, खाणीतून निघालेला असू शकतो, लाखमोलाचा असू शकतो आणि तरीही माणिक नसू शकतो. तो स्पिनेल असू शकतो. जुने जवाहिरे ज्याला लाल किंवा लालडी म्हणत आले, तेच हे रत्न. ते माणकाची नक्कल नव्हे. त्याची घडण, त्याचे वजन, प्रकाशाशी वागण्याची त्याची रीत, सगळे स्वतंत्र आहे. म्हणून विचारायचा तो प्रश्न असा, की हा खडा कोणत्या खनिजाचा आहे?

हा प्रश्न नुसत्या डोळ्यांनी का सुटत नाही, ते आधी पाहू. माणिक म्हणजे कुरुविंद या खनिजाचा लाल प्रकार. आपल्याकडे त्यालाच कुरुंदही म्हणतात. शुद्ध कुरुविंद रंगहीन असतो, कारण तो नुसता ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा बनलेला असतो, दोन अणू ॲल्युमिनियमचे आणि तीन ऑक्सिजनचे या प्रमाणात. स्पिनेलमध्ये याच दोघांच्या जोडीला मॅग्नेशियम येते : मॅग्नेशियमचा एक अणू, ॲल्युमिनियमचे दोन, ऑक्सिजनचे चार. शुद्ध स्पिनेलही रंगहीनच. मग लाल रंग आला कोठून? दोन्हीकडे तो एकाच पाहुण्याने आणला आहे. तो पाहुणा म्हणजे क्रोमियम. ॲल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमचे अणू बळकावतात आणि पांढऱ्या प्रकाशातला जांभळा व पिवळा-हिरवा भाग शोषून घेतात. लाल प्रकाश तेवढा बिनधोक पार होतो. रंग देणारा एकच, शोषणाची पद्धतही जवळजवळ तीच. त्यामुळे उत्तम माणिक आणि उत्तम लाल स्पिनेल शेजारी ठेवले तर मुरलेला पारखीसुद्धा उपकरणावाचून ठाम बोलणार नाही.

एवढेच नव्हे, ही दोन्ही रत्ने एकाच घरची असतात. म्यानमारमधील मोगोक आणि व्हिएतनाममधील लुक येन या प्रसिद्ध भागांत माणिक आणि स्पिनेल दोन्ही संगमरवरात तयार झाली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात मातीच्या रूपाने थोडे ॲल्युमिनियम होते. पर्वत उभे राहताना दाब आणि उष्णता यांनी त्या खडकाचे संगमरवरात रूपांतर झाले. जेथे मॅग्नेशियम हाताशी होते तेथे ॲल्युमिनियमने त्याच्याशी संधान बांधून स्पिनेल घडवले, जेथे ते नव्हते तेथे कुरुविंद तयार झाला. पुढे खडक झिजला आणि दोन्ही खडे एकाच ओढ्याच्या गाळात येऊन पडले. मोगोकला गाळ धुणाऱ्या माणसाच्या चाळणीत दोन्ही एकत्रच निघत आली आहेत. महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यात कुरुविंद सापडतो, पण तो रत्नाच्या दर्जाचा नव्हे, घासकामाच्या उपयोगाचा.

दोघांत खरा फरक आहे तो अणूंच्या रचनेत, आणि पुढचे सगळे गुणधर्म त्या रचनेतूनच येतात. मिठाईवाला परातीत लाडू रचतो तसे ऑक्सिजनचे अणू थरावर थर रचलेले आहेत अशी कल्पना करा. पहिल्या थरातील खळग्यांवर दुसरा थर बसतो. तिसरा थर बसवताना मात्र दोन पर्याय उरतात. एक तर तो नेमका पहिल्या थराच्या वर येईल, किंवा दोन्ही थरांहून वेगळ्या जागी सरकेल. कुरुविंदाने पहिला पर्याय घेतला, स्पिनेलने दुसरा. पहिल्या रचनेत थरांना काटकोनात असलेली एक दिशा इतर सर्व दिशांहून वेगळी पडते. तिला स्फटिकाचा मुख्य अक्ष म्हणतात. दुसऱ्या रचनेत अशा चार दिशा निघतात आणि त्या चारही सारख्याच योग्यतेच्या असतात, म्हणजे कोणतीच एक खास उरत नाही. म्हणून माणकाचा स्फटिक षटकोनी, पिंपाच्या किंवा चपट्या फरशीच्या आकाराचा दिसतो. स्पिनेलचा स्फटिक मात्र आठ त्रिकोणी बाजूंचा असतो, दोन पिरॅमिड तळाशी तळ लावून जोडावेत तसा. मोगोकच्या काही स्पिनेल स्फटिकांच्या बाजू मुळातच इतक्या गुळगुळीत असतात, की न घासता, न कापता ते जसेच्या तसे दागिन्यात बसवतात.

आता प्रकाशाकडे वळू, कारण या दोघांची खरी ओळख तेथेच पटते.

हवेतून खड्यात शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो आणि त्याची दिशा बदलते. किती बदलते याचे माप म्हणजे अपवर्तनांक. स्पिनेलचा अपवर्तनांक सुमारे १.७१८. माणकाला मात्र एक आकडा पुरत नाही. त्याचे दोन आहेत, सुमारे १.७६२ आणि १.७७०. माणकात त्या खास अक्षामुळे प्रकाशाचे दोन किरण होतात आणि दोघे वेगवेगळ्या वेगाने धावतात. यालाच दुहेरी अपवर्तन म्हणतात. स्पिनेलमध्ये सगळ्या दिशा सारख्या, त्यामुळे किरण एकच राहतो.

हे मोजायचे साधन म्हणजे अपवर्तनमापी. तळहातावर मावेल एवढे हे उपकरण प्रत्येक रत्नपारख्याच्या टेबलावर असते. त्याच्या काचेवर एका खास द्रवाचा लहानसा थेंब टाकतात आणि खड्याचा वरचा सपाट पैलू त्यावर पालथा ठेवतात. पिवळ्या प्रकाशात नेत्रिकेतून पाहिले की आतल्या आकड्यांच्या पट्टीवर उजेड आणि सावली यांची सीमारेषा दिसते. ती ज्या आकड्यावर असेल तो अपवर्तनांक. मग खडा बोटाने हलकेच फिरवायचा. स्पिनेल असेल तर ती एकच रेषा १.७१८ च्या आसपास ठाम उभी राहते, खडा कितीही फिरवा. माणिक असेल तर रेषा बऱ्याच वरच्या आकड्यावर दिसते, आणि खडा फिरवता फिरवता एकीच्या दोन होतात. त्यांतली एक जागची हलत नाही, दुसरी खालीवर सरकते. दोघींमधले जास्तीत जास्त अंतर ०.००८ ते ०.०१० एवढेच असते, पण तेवढ्याने निकाल लागतो. लाल रंगाच्या बाबतीत इतका स्वच्छ निकाल देणारी दुसरी सोपी चाचणी नाही, असे माझे मत आहे.

दुहेरी अपवर्तनाचा आणखी एक परिणाम होतो आणि तो फार देखणा आहे. माणकातून जाणाऱ्या दोन किरणांतून वेगवेगळे रंग शोषले जातात. एक किरण जांभळट लाल होऊन बाहेर पडतो, दुसरा नारिंगी लाल. आपल्या डोळ्यांना दोन्ही मिसळूनच दिसतात. द्विवर्णदर्शक नावाच्या छोट्या नळीतून पाहिले तर मात्र दोन चौकटी शेजारी शेजारी दिसतात, एक जांभळट आणि एक नारिंगी. नळी पाव फेरा फिरवली की चौकटींचे रंग अदलाबदल होतात. स्पिनेल या नळीखाली धरले तर दोन्ही चौकटी एकाच लाल रंगाच्या. पैलू पाडणाऱ्या कारागिराला हे गणित नळीवाचूनही कळते. कच्च्या माणकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिले तर भरदार जांभळट लाल दिसतो, आडवे पाहिले तर रंग नारिंगीकडे झुकतो. म्हणून वरचा मोठा पैलू शक्यतो त्या अक्षाला काटकोनात येईल असा काढायचा, मग त्यासाठी वजनावर थोडे पाणी सोडावे लागले तरी चालेल. स्पिनेलच्या कारागिराला ही चिंताच नाही. खडा कोणत्याही बाजूने घडवला तरी रंग तोच.

ध्रुवीकरणदर्शकाखाली हाच फरक उजेड-अंधाराच्या रूपाने दिसतो. दोन ध्रुवीकारक पट्ट्यांमध्ये खडा धरून पूर्ण एक फेरा फिरवला तर माणिक चार वेळा उजळते आणि चार वेळा मावळते. स्पिनेल काळेच राहते. फक्त दोन गोष्टींचे भान ठेवायचे. माणिक नेमके मुख्य अक्षाच्या दिशेने धरले गेले तर त्याची उघडझाप दिसत नाही, म्हणून खडा निदान तीन बाजूंनी पाहावा. आणि स्पिनेलमध्ये आतला ताण असेल तर अंधारात पुसट, अस्ताव्यस्त उजेड दिसू शकतो. घाईने पाहणाऱ्याला हा उजेड फसवतो.

चकाकीबद्दल बोलताना माणिकच जास्त तेजस्वी असे सरसकट ठरवून टाकले जाते. आकडे काय सांगतात? पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी माणिक साधारण ७.७ टक्के परत फेकते, स्पिनेल ७ टक्के. हिरा १७ टक्के फेकतो. म्हणजे माणिक किंचित पुढे आहे, पण तो फरक डोळ्यांना सहज जाणवावा एवढा नाही. पांढऱ्या प्रकाशाचे सात रंगांत विभाजन करण्याच्या, म्हणजे अपस्करणाच्या बाबतीत तर स्पिनेल केसभर सरस आहे, ०.०२० विरुद्ध ०.०१८. लाल खड्यात हा गुण झाकलेलाच राहतो. व्यवहारात खड्याचे ‘पाणी’ ठरते ते कारागिराच्या कोनांवरून आणि आतल्या स्वच्छतेवरून, आणि स्वच्छतेत स्पिनेल बहुधा बाजी मारते. माणकात रेशमासारखे तंतू, पिसांसारख्या चिरा, कॅल्साइटचे कण असे काही ना काही असतेच. निर्मळ मोठे माणिक फार दुर्मीळ.

त्या रेशमाला दोष म्हणणे मात्र अन्याय होईल. रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया माणकात एकमेकींना साठ अंशांच्या कोनांत बसलेल्या असतात. त्या प्रकाश विखरून खड्याला मखमली मऊपणा देतात. त्या पुरेशा दाट असल्या आणि खडा घुमटासारखा घडवला, तर त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. कर्नाटकातली तारांकित माणके याच जातीची. स्पिनेलच्या पोटात सूक्ष्मदर्शकाने पाहिले तर बऱ्याचदा अगदी इवल्या अष्टफलकांच्या रांगा दिसतात, मोठ्या स्फटिकाच्याच आकाराच्या.

दोघांचा सर्वांत सुंदर गुण समान आहे. क्रोमियम नुसते रंग शोषत नाही. शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग ते पुन्हा लाल प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते. म्हणून मोगोकचे माणिक उन्हात धरले की आतून पेटल्यासारखे दिसते. संगमरवरात लोह कमी असते म्हणून हे घडते. लोह जास्त असले की ही प्रतिदीप्ती विझते, आणि थायलंडच्या बेसाल्टमधली माणके त्यामुळेच काळपट वाटतात. माणकाचा हा उत्सर्जित प्रकाश ६९४ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद रेषांच्या जोडीत एकवटलेला असतो. थिओडोर मायमन यांनी मे १९६० मध्ये जगातला पहिला लेसर चालवला तो कृत्रिम माणकाच्या कांडीतूनच, आणि त्याचा प्रकाश याच जोडीतल्या एका रेषेचा होता. स्पिनेलमध्येही क्रोमियम असेच उजळते, पण तेथे एका ठळक जोडीऐवजी बारीक रेषांचा झुपका दिसतो. वर्णपटदर्शकातून पाहणाऱ्याला हा फरक कळतो. शिवाय माणकाच्या वर्णपटात निळ्या भागात बारीक काळ्या रेषा असतात, त्या स्पिनेलमध्ये नसतात.

कठिणपणात माणिक वरचढ आहे, हे निर्विवाद. मोह्स श्रेणीत माणिक ९ आणि स्पिनेल ८. माणकाने स्पिनेलवर ओरखडा उठतो, उलट होत नाही. पण रोजच्या वापरात महत्त्वाचा आकडा ७ आहे. घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, त्यांचा कठिणपणा ७. त्याहून मऊ खडे वर्षानुवर्षांच्या पुसण्याने निस्तेज होतात. माणिक आणि स्पिनेल दोन्ही त्या रेषेच्या वर आहेत. शिवाय ठोकर लागली की ठरावीक पातळीवर सरळ दुभंगण्याचा हिऱ्यासारखा स्वभाव दोघांचाही नाही. अंगठीत रोज घालायला दोन्ही लायक.

वजनाची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण ती फार जुनी आहे. माणकाची सापेक्ष घनता सुमारे ४.००, स्पिनेलची ३.६०. म्हणजे पाच कॅरटचा, अर्थात एक ग्रॅमचा खडा पाण्यात बुडवून तोलला, तर माणिक ३.७५ कॅरट भरेल आणि स्पिनेल सुमारे ३.६१. चांगला काटा असेल तर कोंदणातून सुटा काढलेला खडा या एका तोलावर ओळखता येतो. अल्-बेरुनीने अकराव्या शतकात हेच केले. हिंदुस्थानावरील ग्रंथामुळे आपल्याला परिचित असलेल्या या विद्वानाने रत्नांवरही ग्रंथ लिहिला. पाण्याच्या साहाय्याने रत्नांची तुलनात्मक वजने काढून त्याने माणिक आणि बदख्शानचे लाल यांना वेगळे मांडले.

बदख्शानच्या खाणी आजच्या ताजिकिस्तानात, पंज नदीच्या काठी आहेत. तेथले मोठमोठे लाल मोगल दरबारात येत. मोगलांना ते माणकाहून निराळे आहेत हे ठाऊक होते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ते त्यांना प्रिय होते. पैलू पाडून वजन घालवण्यापेक्षा ते खडा नैसर्गिक आकारातच झिलई करून ठेवत आणि हिऱ्याच्या टोकाने त्यावर बादशहाचे नाव कोरत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असा १३३.५ कॅरटचा एक स्पिनेल मणी आहे, त्यावर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब या तिघांची नावे आहेत. ब्रिटिश राजघराण्याकडचा ‘तैमूर रूबी’ तर ३५० कॅरटहून जड. तोही मोगलांकडचा, १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्लीहून नेलेल्या लुटीतला, आणि तोही स्पिनेलच.

युरोपात मात्र लाल म्हणजे माणिक असाच समज शतकानुशतके राहिला. इंग्लंडच्या राजमुकुटात समोरच दिसणारा ‘ब्लॅक प्रिन्स रूबी’ हे स्पिनेल आहे. १३६७ च्या लढाईनंतर कॅस्टीलच्या पेद्रोकडून तो इंग्रज युवराजाकडे आला, अशी त्याची परंपरा सांगतात. रोमे द लिल या फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाने १७८३ मध्ये स्फटिकांच्या आकारावरून दोन्ही खनिजे वेगळी असल्याचे दाखवले, तेव्हा कुठे तेथे हा उलगडा झाला. त्यानंतर स्पिनेलला ‘माणकाचा तोतया’ ठरवले गेले, हे मला साफ चुकीचे वाटते. लोकांनी चुकीच्या नावाने हाक मारली, यात खड्याचा काय दोष?

बाजारातली आजची अडचण तर वेगळीच आहे. वर सांगितलेले आकडे खनिजाची जात सांगतात, जन्मस्थान सांगत नाहीत. ऑग्यूस्त व्हर्नई यांनी १९०२ मध्ये ज्वालेत वितळवून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. त्या कृत्रिम माणकाचा अपवर्तनांक, घनता, कठिणपणा सगळे नैसर्गिक माणकाइतकेच असते. तेथे सूक्ष्मदर्शकच कामी येतो : नैसर्गिक स्फटिकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनदार, ज्वालेतल्या माणकात त्या वक्र, सोबत वायूचे गोल बुडबुडे. शिवाय बाजारातली बहुसंख्य नैसर्गिक माणके भट्टीत तापवून रंग सुधारलेली असतात. हे सांगून विकले तर त्यात फसवणूक नाही. गंभीर प्रकार आहे तो चिरांमध्ये शिसेयुक्त काच भरलेल्या माणकांचा. अशा खड्यात काचेचा वाटा बराच असू शकतो. तो दिसायला लालभडक आणि निर्मळ, पण सोनाराच्या डागकामाच्या आचेने किंवा अगदी लिंबाच्या रसानेही त्यातली काच खराब होते. स्पिनेलच्या बाबतीत तापवून फारसा लाभ होत नाही, त्यामुळे ते बहुधा निसर्गाने दिले तसेच मिळते. हा त्याचा मोठा गुण आहे.

किमतीत माणिक अजून कितीतरी पुढे आहे. मोझांबिकमधले ५५.२२ कॅरटचे एक माणिक २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेले. स्पिनेलला असा भाव नाही, पण टांझानियातल्या महेंगे येथे २००७ मध्ये मोठे, तेजस्वी गुलाबी-लाल स्फटिक सापडल्यापासून जाणकारांची नजर तिकडे वळली आहे. घेणाऱ्याने आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. स्पिनेल हलके असल्याने तेवढ्याच कॅरटमध्ये माणकापेक्षा सुमारे अकरा टक्के मोठा खडा मिळतो.

ज्यांना नवरत्नांच्या अंगठीत मधोमध माणिकच हवे आहे, त्यांनी माणिकच घ्यावे. ज्यांना केवळ सुंदर, टिकाऊ, कोणतीही प्रक्रिया न झालेला लाल खडा हवा आहे, त्यांनी स्पिनेल जरूर पाहावे, माझी पसंती त्यालाच आहे. दोन्ही बाबतींत नुसत्या रंगावर किंवा शब्दावर विसंबू नका. खडा कोंदणात बसवण्याआधी सुटा असतानाच मान्यताप्राप्त रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. मुंबईत अशा प्रयोगशाळा आहेत. त्या कागदावर तीन ओळी शोधा : खनिजाचे नाव, नैसर्गिक की कृत्रिम, आणि कोणती प्रक्रिया केली आहे. यांपैकी एक जरी ओळ नसली तरी पैसे देऊ नका.